‘तृतीय रत्न’ : एप्रिलअखेरची नोंद, तालमीपेक्षा गप्पा जास्त

मागच्या नोंदीत आपण वाचनापर्यंत आलो होतो. आता प्रयोग लागलेत, तरी नेपथ्य-प्रकाशयोजनेवर या वेळी फार लिहीत नाही. चार लेव्हल्स (लाकडी उंचवटे), एक पार, एक घोंगडी, झालं. या नाटकाची खरी तालीम हॉलच्या बाहेरच चालली आहे.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. जोतीराव फुल्यांनी हे नाटक १८५५ साली लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे, म्हणजे मराठी ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या सरकारी समितीकडे दिलं. कमिटीने नाकारलं. ते छापून यायला १९७९ उजाडलं, म्हणजे जवळजवळ सव्वाशे वर्षं. मराठीतलं पहिलं नाटक मानलं जाणारं विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ सांगलीत १८४३ साली झालेलं. देव-राक्षसांच्या आख्यानांचा तो जमाना, आणि हा माणूस कुणब्याला आणि त्याच्या गरोदर बायकोला मध्यभागी उभं करतो! जोशी, म्हणजे भविष्य सांगणारा ब्राह्मण, येतो, पोटातल्या बाळावर ग्रहांची वक्रदृष्टी आहे म्हणून घाबरवतो. मग शांती, ब्राह्मणभोजन आणि कर्ज. विदूषक अधूनमधून शेरे मारत राहतो, पाद्री भेटतो, आणि शेवटी नवराबायको फुल्यांच्या शाळेची वाट धरतात.

आम्ही सातारकर. सावित्रीबाईंचं नायगाव आणि जोतीरावांच्या पूर्वजांचं कटगुण, दोन्ही आमच्याच जिल्ह्यात. त्यामुळे ३ जानेवारी ते ११ एप्रिल, एका जयंतीपासून दुसऱ्या जयंतीपर्यंत, तालमीबरोबरच ठिकठिकाणी बसून नाटकातला एखादा प्रवेश वाचायचा आणि लोकांना बोलू द्यायचं, असं ठरवलं.

पहिली बैठक वाचनालयात झाली. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, मनोगत. चर्चेला वेळ उरला तेव्हा अर्धी माणसं चपला शोधत होती. जे बोलले तेही फुल्यांच्या चरित्रावर, छान तयारी करून बोलले. नाटकावर एक अक्षर नाही. माझं आता ठाम मत आहे की हार आणि शाल आली की गप्पा मरतात. पुढच्या बैठकांत व्यासपीठ नाही, माइक नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. सतरंजी गोल अंथरायची आणि आमच्यातल्या कुणीही पहिली पाच मिनिटं तोंड उघडायचं नाही. शेवटचं फार अवघड गेलं. नटमंडळी आहोत, शांतता दिसली की भरून काढायला धावतो.

खरी मजा बचत गटाच्या बायकांसमोर आली. जोशाचा प्रवेश वाचत होतो. जोशी दानाची यादी सांगायला लागला तशी मागून एक आजी म्हणाली, “अजून सांग, अजून सांग, तुझं पोट भरंना.” विदूषकाचं काम करणारा आमचा गडी वाक्य टाकायला तोंड उघडून तसाच राहिला. त्याच्या वाट्याचा शेरा आजीने आधीच मारला होता! मग एकेक सुरू झाल्या. शांतीसाठी काढलेलं कर्ज, डोहाळजेवणाच्या हॉलसाठी काढलेलं कर्ज, फोटोवाल्याचं बिल. एकीने विचारलं, “हप्ता थकला तर गटाला फेडावं लागतं. यांच्या कर्जाला जामीन कोण होतं?” १८५५ च्या नाटकाला इतका नेमका प्रश्न आमच्यातल्या एकालाही सुचला नव्हता.

त्या रात्री प्रवेश बदलला. संहितेतला शब्द हलवला नाही, पण जोशाच्या यादीत दोन जागा मोकळ्या सोडल्या. तिथे विदूषक प्रेक्षकांकडे नुसता बघतो. कुणी बोललं तर त्याला मान डोलावून दाद देतो आणि मगच आपलं वाक्य घेतो. कुणी नाहीच बोललं तर तीन आकडे मोजून पुढे. वस्तीत ही जागा हमखास भरते. नाट्यगृहात लोक खुर्चीत बसले की सभ्य होतात, तिथे ती बहुतेक वेळा कोरडी जाते. विदूषकवाल्याची तक्रार आहे की त्याचे हशे प्रेक्षक पळवतात. पळवू देत.

पाद्रीवरून मात्र आमच्यातच जुंपली. त्याची भाषणं लांबलचक, आजच्या कानाला प्रचारकी. निम्म्या लोकांचं म्हणणं कापा, नाहीतर गैरसमज होईल. मी कापण्याच्या विरोधात. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्या काळात कुणब्याशी बरोबरीने बोलणारा माणूस त्यांना तिथे दिसला, तर तो नाटकात येणारच. शेवटी वाद तसाच उचलून कॉलेजच्या मुलांसमोर नेला. पाद्रीचं एक भाषण पूर्ण वाचलं आणि विचारलं, ठेवू का काढू? मुलं तासभर भांडली. एक मुलगी म्हणाली, पाद्री बरोबर बोलतोय म्हणून मला त्रास होत नाही, कुणबी एवढा वेळ गप्प का बसलाय याचा होतो. त्यावरून दिग्दर्शकाने पाद्रीच्या भाषणात कुणब्याला हालचाल दिली. तो उठतो, घोंगडी झटकतो, बायकोकडे बघतो. भाषण तेवढंच आहे, पण लांब वाटत नाही.

साताऱ्यात हे नाटक करताना अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही, आणि काढावं लागतही नाही, कुणीतरी काढतंच. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली त्यांच्या खुनानंतर आला, हे इथे शाळकरी पोरालाही माहीत असतं. एका बैठकीला पौरोहित्य करणारे एक गुरुजी आले होते. आम्ही जरा सावध झालो. ते शांतपणे म्हणाले, “हल्ली यादी आम्ही देत नाही, यजमान मोबाइलवर बघून घेऊन येतात. मी चार विधी कमी करा म्हणालो तर दुसरा गुरुजी बघतात.” यावर कुणाकडेच तयार उत्तर नव्हतं. आमचा जोशी त्यानंतर जरा कमी खलनायकी करतो, आणि त्यामुळे जास्त भीती वाटते.

प्रयोगानंतरच्या चर्चेबद्दल माझं मत अजून फारसं चांगलं नाही. नाट्यगृहाचं सत्र संपायच्या आत पडदा, चर्चा आणि सामानाची आवराआवर, सगळं बसवायचं. “ही भूमिका करताना कसं वाटलं?” हा प्रश्न ठरलेला. आम्ही आता चर्चा आत करतच नाही. बाहेर चहाच्या गाडीपाशी उभं राहतो, ज्याला बोलायचंय तो येतो. फक्त जोशी करणाऱ्याने कपडे बदलूनच बाहेर यायचं. एकदा तो धोतर-पगडीत चहा घ्यायला आला, तर एका बाईने त्याला मनापासून झापलं आणि त्याच्या मुलीला रडू फुटलं.

एक गोष्ट जमली ती नोंदवतो. शेवटी जोडपं शाळेकडे निघतं आणि अंधार होतो, तेवढ्यावर प्रेक्षकांना घरी पाठवायचं जिवावर येत होतं. म्हणून दाराशी एक टेबल मांडलं. केंद्राच्या ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांपुढच्या निरक्षरांना स्वयंसेवक शिकवतात. त्यासाठी शिकणाऱ्यांची आणि शिकवायला तयार असणाऱ्यांची नावं तिथे घेतो. शिकवायला पुष्कळ नावं येतात. शिकायला कमी, आणि तीही बहुतेक सुना सासवांची लिहून देतात. सासू बाजूला उभी राहून “मला काय करायचंय आता” म्हणत असते. शिक्षिका असलेली आमची एक नटी मेकअप पुसत पुसत तिला खुर्चीवर बसवते आणि सही करून दाखवायला सांगते.

पुढचं. मे महिन्यात गावातले प्रयोग, रात्री साडेआठनंतर, देवळासमोर किंवा शाळेच्या पटांगणात. उघड्यावर विदूषकाचा आवाज पोहोचत नाही, म्हणून त्याला प्रेक्षकांतूनच आणायचा विचार चाललाय. पाद्री करणाऱ्याची बदली झाली आहे, तेव्हा लांब भाषणं पाठ होणारा आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी मोकळा असणारा कुणी आसपास असेल तर कळवा. दाढी असल्यास उत्तम, नसल्यास आमच्याकडे आहे.