पेट स्कॅन क्लीन आला, तरी एमआरआय कशाला?

मांडीतली गाठ वर्षभर दुखली नाही, म्हणून मीही लक्ष दिलं नाही. "चरबीची आहे, राहू दे," सगळेच म्हणायचे. चरबीचीच निघाली, पण मिक्झॉइड लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीच्या पेशींचा कॅन्सर.

मुंबईच्या डॉक्टरांनी होल बॉडी एमआरआय लिहून दिला तेव्हा मी चक्क वाद घातला. साताऱ्याहून येतानाच पेट स्कॅन करून आणला होता. गाठीखेरीज कुठे काही नाही, मग पुन्हा खर्च कशाला? त्यांनी केसपेपरच्या मागे पेनाने माणूस काढला. बहुतेक सार्कोमा, म्हणजे हाडं, स्नायू, चरबी यांतले कॅन्सर, पसरताना आधी फुफ्फुसात जातात. हा मात्र आडवाटेने मणक्यात, कमरेच्या हाडात, पोटामागच्या चरबीतही जातो. पेटमध्ये साखर भराभर खाणाऱ्या पेशी चमकतात. याच्या पेशी बऱ्याचदा तेवढी साखर खात नाहीत, त्यामुळे हाडात शिरला तरी पेट क्लीन येऊ शकतो. फुफ्फुसासाठी छातीचा सीटी वेगळा. मी गप्प बसले.

मंगळसूत्र, बांगड्या निघाल्या. जोडवी काही निघेनात. बावीस वर्षांत बोटांत रुतलेली. शेवटी सिस्टरनी बेसिनवरचा साबण चोळून पिरगाळत काढली. ह्यांनी रुमालात बांधून खिशात ठेवली.

मानेपासून पायापर्यंत अंगावर कॉइल बांधल्या, थेट गोधडीत गुंडाळल्यासारखं. कानात बोळे, हातात दाबायचा रबरी फुगा. टेबल थोडं सरकायचं, थांबायचं, मग पत्र्यावर हातोडा मारल्यासारखा आवाज. मध्येच हिंदीत हुकूम: सांस लीजिए, छोड़िए, रोकिए. भीती वाटली नाही, पण नाकाला जी खाज सुटली! पन्नासेक मिनिटं. मला इंजेक्शन लागलं नाही, आणि एमआरआयमध्ये रेडिएशन नसतंच.

रिपोर्टमध्ये एक ओळ होती: तिसऱ्या कंबरमणक्यात ठिपका. पुढच्या तीन रात्री आम्ही दोघंही झोपेचं नाटक करत होतो. मग फक्त मणक्याचा एमआरआय झाला. हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता, पुष्कळांना असतो. सगळं अंग तपासलं की असलं काहीबाही सापडतंच, डॉक्टर हसत म्हणाले. हे आधी सांगायला काय हरकत होती?

आता रेडिएशनच्या २५ पाळ्या चालू आहेत, नंतर ऑपरेशन. जोडवी अजून रुमालातच आहेत. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय आहे, तेव्हा परत साबण कोण चोळणार?