माथेरान पायी : तीन वाटा झाल्या, चौथी बाकी

दिवाळीनंतर ठरवलं, या मोसमात माथेरानला गाडीनं दस्तुरी नाक्यावरून जायचं नाही आणि मिनी ट्रेननंही नाही. पायथ्याच्या वाडीतून चढायचं, दर वेळी नवी वाट धरायची. फेब्रुवारी संपत आलाय आणि तीन वाटा पूर्ण झाल्यात. ज्यांचा गुडघा उतारावर कुरकुरतो त्यांच्यासाठी नोंदी जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गार्बेट पठाराची. पहाटेच्या कर्जत लोकलनं भिवपुरी रोडला उतरलो. डिकसळ, पाली-भूतिवलीचं धरण, सागाची वाडी आणि मग पठार. वाट मळलेली आहे, चढ अंगावर येत नाही. दमसास तपासायला हिच्यासारखी दुसरी नाही. पठारावर गवत पिवळं पडलं होतं. पूर्वेकडं ढाक आणि भीमाशंकरची रांग. थांबत-थांबत तीन तास लागले.

दुसरी धोदाणीची, पनवेलच्या बाजूनं. गाढेश्वरचं धरण मागे टाकून बस गावात सोडते. पाठीशी प्रबळगड असतो, वर सनसेट पॉइंट. या वाटेनं वाड्यांमधली माणसं रोज कामाला माथेरानात जातात, संध्याकाळी परत उतरतात. आपण ज्याला ट्रेक म्हणतो तो त्यांचा कामावर जायचा रस्ता आहे, हे तिथं चालताना सारखं जाणवत होतं. चढायला दोन तास दहा मिनिटं लागली, छान चढलो. उतरताना मात्र मुरमाच्या घसाऱ्यावर डावा गुडघा असा दुखायला लागला की दर पन्नास पावलांवर बसावं लागलं.

डोक्यावर रिकामी पाटी घेतलेल्या एक मावशी मागून आल्या. पायात साधी स्लिपर. माझ्याकडं बघून थांबल्या. "दादा, टाच नको रोवू. अख्खा पाय टेक, बारकी पावलं टाक." एवढं बोलून पुढे गेल्या. मी त्यांच्या पावलांकडं बघत राहिलो. गुडघे किंचित वाकलेले, अंग मागे रेललेलं नाही, पाऊल दगडावर पडायच्या आधी पुढचं कुठं टाकायचं ते ठरलेलं. मी नेमकं उलट करत होतो. पडायच्या भीतीनं मागे झुकायचो, टाच खुपसायचो, आणि प्रत्येक पावलाचा दणका सरळ गुडघ्यात जायचा.

पुढचे पाच आठवडे तेच गिरवलं. इमारतीचा जिना आठवड्यातून तीनदा, दहा मजले चढून दहा उतरायचे, पण उतरताना हळू. एका पायावर तीन सेकंद भार तोलून मगच दुसरा टेकायचा. सुरुवातीला मांड्या थरथरायच्या, तिसऱ्या आठवड्यात बंद झालं.

तिसरी वाट वन ट्री हिलची, कर्जत-चौक रस्त्यावरच्या आंबेवाडीतून. हिच्या वरच्या टप्प्याला शिवाजी लॅडर म्हणतात. कारवीच्या झुडपांतून वर आलात की घळ सुरू होते. दोन्ही बाजूंना कातळ, मध्ये सुटे धोंडे. हाताची पकड घेण्याआधी दगड हलवून बघाच. वर पोचल्यावर उजेड एकदम अंगावर येतो. खाली मोरबे धरणाचं पाणी, पलीकडं इर्शाळगड. त्याच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळली. तिकडं बघत बराच वेळ उभा होतो. पावसाळ्यात या वाटांवर कोणीही जाऊ नये, हे मनापासून सांगतो.

१८५०च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट याच चौकच्या बाजूनं पायी वर आले होते. मिनी ट्रेन १९०७ला आली. म्हणजे सत्तावन्न वर्षं हे गाव पायानं, घोड्यानं आणि पालखीनंच चालत होतं. बाजारात चहा घेताना तांबड्या मातीनं भरलेल्या बुटांकडं पाहिलं आणि फार बरं वाटलं.

आता या तिसऱ्या वाटेचे आकडे. चढाई अंदाजे ७०० मीटर, वेळ एक तास पंचावन्न मिनिटं. उतरलो रामबाग पॉइंटच्या वाटेनं, एक तास चाळीस. गुडघा दुखला नाही. एकदाही बसलो नाही. पाणी तीन लिटर नेलं होतं, अर्धा लिटर उरलं. होळीनंतर जाणाऱ्यांनी चार न्या.

एक चूक झाली, ती लिहून ठेवतो. रामबागच्या उतारावर खालच्या टप्प्यात ढोरवाटांचं जाळं आहे. तिथं मी उजवीकडं भरकटलो, वीस मिनिटं गेली. विजेच्या तारा दिसल्यावर वाट सापडली. कुठंही शंका आली तर शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत परत या, पुढे रेटू नका.

चौथी पेब किल्ल्याची. नेरळहून आनंदवाडी, गड, मग शिड्या आणि माथेरान. मार्चचा दुसरा रविवार पकडलाय, उन्हाच्या आत शिड्या पार करायच्यात, त्यामुळे पहिली कर्जत लोकल. उघड्या शिडीवर मला थोडं दृष्टीभय आहे, म्हणजे खाली खोल दिसलं की भीती वाटते. ज्यांनी तो टप्पा सामान घेऊन केलाय त्यांनी सांगा, सॅक पाठीवरच ठेवली होती की दोरानं वर ओढून घेतली?