कऱ्हाड तीनदा का आलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्यांपैकी दर महिन्याला कुणी ना कुणी हे विचारतंच: "सर, फाइलमधल्या नोंदी डिक्शनरीत मोजतोय, पण आकडे जुळत नाहीत. कुठे बघू?" (डिक्शनरी म्हणजे नाव आणि त्यासमोर त्याचा आकडा अशा जोड्यांची यादी. त्या नावाला 'की' म्हणतात.)

मी उलट विचारतो, एरर येतेय की नुसतेच आकडे चुकतायत? एरर येत असेल तर निम्मं काम झालं. बहुतेकदा ती की-एरर असते. 'या गावाच्या आकड्यात एक मिळव' असं सांगितलेलं असतं, पण ते गाव डिक्शनरीत अजून आलेलंच नसतं, मग मिळवणार कशात? गेट ही डिक्शनरीतून आकडा काढायची पद्धत वापरून 'नसेल तर शून्य धर' म्हणायचं. मात्र मिळवलेला आकडा परत त्याच चावीखाली ठेवायला विसरायचं नाही. ('की' म्हटलं की मराठीत घोळ होतो, म्हणून मी चावी म्हणतो.) विसरलात तर एरर जाते आणि डिक्शनरी रिकामी राहते. शेवटी एकच नोंद उरत असेल तर रिकामी डिक्शनरी लूपच्या (ओळीओळीला तेच काम पुन्हा करणाऱ्या भागाच्या) आत तयार होतेय, ती वर न्या. आणि आधी फाइल वाचून ओळी छापल्या असतील, तर मोजणाऱ्या लूपला वाचायला काही उरलेलं नसतं. फाइल पुन्हा उघडा.

आकडे गुपचूप चुकतात तेव्हा मात्र घाम फुटतो. एका वाचनालयाच्या देवघेवीची फाइल माझ्याकडे आली होती. प्रत्येक ओळीत तारीख, पुस्तकाचा दाखल क्रमांक आणि शेवटी सभासदाचं गाव. कुठल्या गावचे वाचक किती, एवढंच काढायचं होतं. काउंटर (नोंदी मोजून देणारी पायथॉनची तयार डिक्शनरी) लावला, यादी छापली, तर कऱ्हाड तीनदा! पडद्यावर तिन्ही अगदी सारखी.

एकेक नाव सुटं छापलं म्हणून फसलो. अख्खी डिक्शनरी एकदम छापली असती, तर पायथॉन चाव्या रेप्रमधून (म्हणजे न दिसणाऱ्या खुणांसकट) दाखवतो आणि लपलेली अक्षरं उघडी पडतात. तसं केल्यावर दोन कऱ्हाडांमागे ओळ संपल्याची खूण दिसली, एकामागे नाही. फाइलची शेवटची ओळ त्या खुणेशिवाय संपत होती, म्हणून तिथलं कऱ्हाड वेगळं मोजलं गेलं. टोकांची मोकळी जागा आणि ही खूण कापणारी स्ट्रिप लावल्यावर तिघांतली दोन एक झाली.

तिसरं हटेना. रेप्रने त्याच्या पोटात \u200d असं काहीतरी दाखवलं होतं, पण अर्थ लागेना. लेनने लांबी मोजली: एकाची ६, दुसऱ्याची ७. तेव्हा ट्यूब पेटली. आपला हा 'ऱ्ह' युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण संकेतांत) दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ऱ, हलन्त, ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य अक्षर आणि मग ह. रजिस्टर दोघांनी टाइप केलेलं, दोघांचे कीबोर्ड निराळे. स्ट्रिप त्या जॉइनरला हात लावत नाही, कारण ती मोकळी जागा नाही, शिवाय तो शब्दाच्या पोटात बसलेला. एकाच अक्षराचे निरनिराळे संकेत एकसारखे करणाऱ्या युनिकोड नॉर्मलायझेशननेही तो जात नाही. तेही करून पाहिलं. शेवटी रिप्लेसने 'र, हलन्त, जॉइनर' असं दिसेल तिथे 'ऱ, हलन्त' घातलं. जॉइनर नुसता उडवू नका, नाहीतर रफार होऊन 'कर्हाड' हे चौथंच गाव जन्माला येतं.

काउंटर पायथॉन २.७ आणि ३.१ पासून आहे, तो बिनधास्त वापरा. पण चावी जशी द्याल तशीच तो मोजतो, चाव्या स्वच्छ करायचं काम त्याच्या गळ्यात मारता येत नाही. मोजण्याआधी गाव स्वच्छ करणारं एक छोटं फंक्शन लिहा.

एवढं करून यादी काढली, तर खाली आणखी एक ओळ होती: कराड. ग्रंथपाल बाईंना फोन केला. म्हणाल्या, "अहो, ते एकच. नवीन पोरं कराड लिहितात. तुम्ही कऱ्हाडातच धरा."