अर्जुनारिष्ट : सालीपासून बाटलीपर्यंत

मी चोपडा तालुक्यात वैद्यकी करतो. अर्जुनारिष्ट म्हणजे अर्जुनाच्या सालीचा काढा आंबवून केलेलं, हृदयासाठी दिलं जाणारं आयुर्वेदिक औषध. ते दुकानात सहज मिळतं, तरी माझ्या रुग्णांना द्यायचं ते आपल्या हातानं करावं असं मनानं घेतलं. त्याला लागणाऱ्या पाच जिनसांपैकी तीन तर आमच्या सातपुड्याच्याच: अर्जुनाची साल, मोहाची फुलं आणि धायटीची फुलं. उरल्या मनुका आणि गूळ. १९४० च्या औषध कायद्यात वैद्याला स्वतःच्या रुग्णांपुरतं औषध करायला सूट आहे. विकायचं असेल तर परवाना हवाच.

काम सुरू होतं ते फाल्गुनात. डोंगरउतारावर धायटी लालभडक फुललेली असते. ओळखीच्या पावरा आदिवासी मावशींनी फुलं सावलीत वाळवून दिली. मोह त्यानंतर, चैत्राच्या आसपास. पहाटे झाडाखाली पडलेली फुलं वेचायची आणि खडखडीत वाळवायची. साल मात्र मी स्वतः उभं राहून काढून घेतली. नाल्याकाठच्या शेतातला अर्जुनसादडा, म्हणजे अर्जुनाचं झाड, जुना, जाड बुंध्याचा होता. एका अंगानं उभी पट्टी काढायची, बुंध्याभोवती गोल कधीच सोलायचं नाही. गोल सोललं की पानात तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड उभ्या उभ्या मरतं. औषधासाठी झाड मारणारा माणूस मला वैद्य वाटत नाही.

पाठ, म्हणजे औषधाची कृती, भैषज्यरत्नावली या आयुर्वेदाच्या ग्रंथातला आहे, तिथं त्याचं नाव पार्थाद्यरिष्ट. आजच्या मापात साल ४.८ किलो, मनुका २.४ किलो, मोहाची फुलं ९६० ग्रॅम आणि पाणी सुमारे ४९ लिटर. साल जाडसर भरडायची, कारण पीठ केलं तर काढा गाळताना चिखल होतो. मग मंद आचेवर, झाकण न ठेवता, चौथा हिस्सा म्हणजे १२ लिटरच्या आसपास उरेपर्यंत आटवायचं. पातेलं स्टीलचं घेतलं. लोखंडाचं चालत नाही. सालीतलं टॅनिन लोखंडाशी मिळून काढा काळा पाडतं. हे आटवणं दिवस खातं.

एवढ्यावर थांबलो असतो तर हातात नुसता काढा होता, आणि काढा दुसऱ्या दिवशी नासतो. अरिष्टाची खरी करामत पुढे आहे. गाळून निवलेल्या काढ्यात ४.८ किलो गूळ विरघळवला, पुन्हा गाळला आणि वर ९६० ग्रॅम धायटीची फुलं टाकली. या फुलांवर निसर्गतःच यीस्ट असतं. ते गुळाची साखर खातं, मद्य तयार होतं आणि तेच मद्य औषधाला टिकवतं. शिवाय पाण्यात न उतरणारे काही घटक त्या मद्यात उतरतात. बाहेरून थेंबभरही दारू घालायची नसते. गूळ काळपट, जुना घेतला. पांढराशुभ्र करण्यासाठी गंधकाची रसायनं मारलेल्या गुळात यीस्ट दबून जातं.

संधानाला, म्हणजे या आंबवण्याला, ऋतू पाहावा लागतो, आणि खान्देशात तर फारच. २५ ते ३५ अंश यीस्टला मानवतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा घातलेलं अरिष्ट आंबट होऊन शिरक्याच्या वाटेला लागण्याची धास्ती. म्हणून दिवाळी उरकल्यावर घातलं. बरणीचा वरचा चौथा भाग रिकामा ठेवला, कारण फेस चढतो. थंडी वाढली तशी बरणी गव्हाच्या भुश्यात पुरली. धान्याच्या राशीत भांडं पुरायची जुनी रीत उगाच नाही.

त्यानंतर रोज कान लावायचा. आत अळवावर पाऊस पडावा तसा बारीक सरसर आवाज येतो. तोंडाशी पेटती काडी धरली की विझते, कारण वर कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. तोच वायू चुन्याच्या निवळीत सोडला तर निवळी दुधाळ होते. पाठात महिना सांगितलाय, पण मी महिन्यापेक्षा या खुणा मानतो. शेतमालक आबा रोज विचारायचे आणि मी चुळबुळ करू लागलो की म्हणायचे, “घाई नको करू भाऊ, होऊ दे त्याले त्यानी येळवर.” अखेर आवाज थांबला, फुलं तळाशी बसली, काडी तोंडाशी जळत राहिली, निवळीही स्वच्छ राहिली. मगच मलमलीतून गाळलं, गाळ बसू दिला आणि वरचं नितळ तेवढं कोरड्या बाटल्यांत भरलं. रंग तांबूस तपकिरी, चव आधी गोड, मागून तुरट.

मात्रा १२ ते २४ मिली, तेवढंच पाणी घालून, जेवणानंतर दोनदा. मधुमेह असेल तर गुळामुळे, यकृताचा आजार किंवा गरोदरपण असेल तर मद्यामुळे मी देत नाही. हृदयरोगाच्या रुग्णाची डॉक्टरांनी लिहिलेली गोळी याच्या भरवशावर कधीच बंद करत नाही. छातीत दुखत असेल तर बाटली नव्हे, आधी ईसीजी.