अभ्यासाला कुठं बसतेस?

विद्यापीठात नव्यानं आलेल्या पोरांना परतीची शेवटची बस किती वाजता आणि कँटीनमधलं उप्पीट किती वाजता संपतं, हे पहिल्या आठवड्यातच सीनियर सांगून टाकतात. अभ्यासाला कुठं बसायचं ते मात्र कुणी सांगत नाही. ती जागा ज्याची त्यानं हुडकायची. आणि हुडकली की दुसऱ्याला सांगायची नाही, असा एक अलिखित नियम आहे. मी आता बाहेर पडले आहे, त्यामुळे सांगायला हरकत नाही.

राणी चन्नम्मा विद्यापीठ म्हणायचं बेळगावचं, पण ते आहे भूतरामनहट्टीला. शहराबाहेर, पुणे-बेंगळूर हायवेच्या कडेला, झाडीच्या उतारावर. सीबीटीवर, म्हणजे शहरातल्या मुख्य बसस्थानकावर, बस धरायची. वाटेत राणी चन्नम्माचं माहेर काकती, मग होनग्याचे कारखाने आणि मग आपण. १९८२ साली धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र म्हणून सुरुवात झाली आणि २०१० साली ते स्वतंत्र विद्यापीठ झालं. शेजारी प्राणिसंग्रहालय आहे. तिथल्या सिंहाची डरकाळी वर्गात ऐकू येते, असं सीनियर प्रत्येक नव्या बॅचला सांगतात. मी एम.ए. मराठी करेपर्यंत ती एकदाही ऐकली नाही, तरी पुढच्या बॅचला सांगितली मात्र.

सुरुवातीला सगळ्यांसारखी मी ग्रंथालयात बसले. टेबल होतं, खुर्ची होती, डोक्यावर पंखा, भरपूर उजेड. तक्रारीला जागाच नव्हती. आणि तरीही पान उलटेना. शेजारच्यानं पेनाचं टोपण काढलं तरी मान वर व्हायची. दार करकरलं की कोण आलं ते बघायचं. एवढी शांतता असूनही लक्ष लागत नाही म्हणजे आपल्यातच खोट आहे, असं काही दिवस वाटलं. मग कारण उमगलं.

आमचं घर वडगावातलं, मागावाल्यांच्या गल्लीतलं. पुढच्या सोप्यात पॉवरलूम, मागच्या बाजूला आम्ही. दहावी, बारावी, बी.ए., सगळं धोट्याच्या खटखटीत झालं. पाहुणे विचारायचे, या आवाजात पोरीचं डोकं कसं चालतं? चालायचं की. दिवसभर एका लयीत चाललेला आवाज थोड्या वेळानं कानाला लागतच नाही. डोकं अडायचं ते माग थांबल्यावर. माग थांबला म्हणजे एक तर लाइट गेली, नाहीतर सूत तुटलं. आणि दोन्ही वेळा आतून हाक ठरलेली. "काय करूलीस गं? जरा ये बघू." मग कुठं सुताचं टोक धर, कुठं कांड्या भरून दे, लाइट गेली असेल तर पलीकडच्या गल्लीत आहे का बघून ये. लाइट नसताना आईला माझं पुस्तक फार रिकामं दिसायचं. त्यामुळे आवाज थांबला की आता आपल्याला कुणीतरी बोलावणार, हे माझ्या कानाला कायमचं बसलेलं आहे. ग्रंथालयात मी वाचत नव्हते, हाकेची वाट बघत होते.

एकदा हे कळल्यावर मी शांत जागा शोधायचं सोडून दिलं आणि बरा आवाज शोधायला लागले. बरा आवाज म्हणजे ज्याला आपल्याकडून काही नको असतं. घरातल्या प्रत्येक आवाजाला काहीतरी हवं असतं. कुकरची तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद कर. दारावर थाप पडली, बघ कोण आहे. फोन वाजला, मावशीचा असेल, तूच बोल. हे मुलींच्या वाट्याला जरा जास्त येतं. भावाला आवाज ऐकूच येत नाहीत, हे मी लहानपणापासून बघते आहे. त्याचा अभ्यास कुठंही होतो.

तर एका इमारतीच्या मागच्या अंगाला पायऱ्या होत्या. तिथून हायवे दिसत नव्हता, पण ऐकू यायचा. कोल्हापूरकडून आलेले ट्रक, धारवाडकडं निघालेले टँकर, मधूनच एखाद्या व्होल्वोचा लांबलचक हॉर्न. अखंड घरघर, सोप्यातल्या मागांसारखी. फक्त तुटणारं सूत नाही आणि हाक मारणारं कुणी नाही. भाषाविज्ञान हा विषय मला सगळ्यात जड जायचा. तो मी त्या पायऱ्यांवर पुरा केला.

एकदा वॉचमनअण्णा फिरत फिरत तिकडं आले. "इल्लि याक कुंतीरी?" इथं का बसलाय म्हणून. मी म्हटलं, "अभ्यास माडाकत्तेनरी." त्यांनी पुस्तकाकडं बघितलं, मग पायरीखालच्या गवताकडं, आणि शांतपणे म्हणाले, "हावु अदाव, नोड्री." साप आहेत, बघा. एवढं बोलून ते निघून गेले. मी दोन पायऱ्या वर सरकून बसले. त्या दिवशी नेमके उच्चारस्थानांचे प्रकार चालू होते. ते अजून पाठ आहेत.

कँटीनमध्ये अभ्यास करणारे लोक असतात. मला त्यांचं कौतुक वाटतं. वन बाय टू चहा सांगून पुस्तक उघडतात आणि तासभर वर बघत नाहीत. मला ते जमलं नाही आणि त्याचं कारण भूगोल आहे. आवाज नुसता मोठा असला तर फार बिघडत नाही, पण कळणारं बोलणं कानावर पडत असलं की वाचन बिघडतं, असं मानसशास्त्रातल्या प्रयोगांत दिसलेलं आहे. आता बेळगावच्या माणसाला न कळणारं बोलणं कुठून आणायचं? डाव्या टेबलावर मराठीत कुणाच्या तरी ताईचं जमलेलं लग्न मोडत असतं, उजवीकडं कन्नडमध्ये हॉस्टेलच्या मेसचं भांडण रंगात आलेलं असतं, आणि मला दोन्हीकडं पुढं काय झालं ते हवं असतं. सीमाभागात राहण्याचा हा एक तोटा आहे, ज्याच्यावर अजून कुठल्या मेळाव्यात ठराव झालेला नाही. माझी एक मैत्रीण विजापूरकडची, तिला मराठीचं अक्षर कळत नाही. आम्ही मराठीच्या पोरी गप्पांना बसलो की ती आमच्या मधोमध बसून इतिहासाच्या नोट्स वाचायची. म्हणायची, तुमच्याएवढी शांत जागा कॅम्पसवर दुसरी नाही.

जागेचा आणि आठवणीचा संबंध असतो म्हणतात. १९७५ साली ब्रिटनमध्ये दोन संशोधकांनी पाणबुड्यांना शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या होत्या, काही काठावर, काही पाण्याखाली. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले. हे वाचल्यावर आमच्यातल्या एकानं परीक्षेच्या हॉलसारखा डुगडुगणारा बाक मिळवून त्यावर अभ्यास सुरू केला. पण १९७८ सालचा दुसरा एक प्रयोग सांगतो की एकच यादी एकाच खोलीत दोनदा वाचण्यापेक्षा दोन वेगळ्या खोल्यांत वाचली तर जास्त लक्षात राहते. मला अर्थात हा दुसरा प्रयोग पटला. जागा हुडकत फिरणं हाही अभ्यासच, असं मी आईला सांगून बघितलं. तिला पाणबुडे जास्त पटले. "मग घरातच कर की, परीक्षेला वडगाव आठवेल."

मच्छ्याला व्हीटीयू या तांत्रिक विद्यापीठात शिकणारा माझा मावसभाऊ या सगळ्याला हसतो. त्याच्या हिशेबानं जागेला एकच गुण लागतो, प्लग पॉइंट. लॅपटॉपची वायर पोचेल तिथं अभ्यास. आमच्या मराठी विभागात असला प्रश्न नव्हता, आमची संतमंडळी चार्जिंगवर चालत नाहीत.

जून ते सप्टेंबर या सगळ्या शोधाला सुट्टी. बेळगावचा पाऊस एकदा लागला की पायऱ्या, पार, झाडाखालचे कट्टे सगळे बाद. सगळी जनता आत. ग्रंथालयात ओल्या छत्र्यांची रांग आणि ओल्या मोज्यांचा वास. अशा दिवसांत माझी सगळ्यात चांगली जागा होती बस. सकाळी सीबीटीपासून खिडकीची सीट मिळाली की भूतरामनहट्टी येईपर्यंत कुणी हाक मारत नाही, कुणी उठवत नाही आणि इंजिनाची घरघर एकदम घरच्यासारखी. आम्ही शिकत असतानाच, ११ जून २०२३ पासून, कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट झाली. कंडक्टर शून्याचं तिकीट फाडून द्यायचा आणि मी ते खूण म्हणून पुस्तकात ठेवायचे. रविवारीही कॅम्पसवर जाऊन बसायला लागले ते तेव्हापासून. आधी भाड्याचा विचार व्हायचा. अर्थात बस फुकट झाल्यावर खिडकीची सीट मिळणं अवघड झालं, ते वेगळं.

शहरातही जागा आहेत. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो, जुन्या झाडांचा. पण सकाळी चालायला येणारे काका लोक थांबून कुठल्या वर्षाला आहेस ते विचारतात, आणि मराठी म्हटलं की पुढं काय करणार तेही विचारतात. १८४८ सालचं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथं पेपर वाचणाऱ्या ज्येष्ठांची पानं उलटण्याची गती बघूनच आपलाही जीव शांत होतो. महिन्याचे पैसे भरून बसायच्या स्टडी रूम हल्ली जागोजागी झाल्या आहेत, तिन्ही बाजूंनी फळ्या लावलेल्या. स्पर्धा परीक्षेवाल्यांना त्या चालतात. मला समोरच्या फळीचीही भीती वाटते.

घर मात्र परीक्षेच्या दिवसांत पूर्ण बाद. आमच्याकडं शिवजयंतीची मोठी मिरवणूक वैशाखात निघते, चित्ररथ रात्रभर चालतात आणि त्याच्या आधी गल्लीत देखाव्याची तालीम. अफजलखान आमच्या दारासमोर दर संध्याकाळी मरायचा. त्यात भाऊच मावळा असल्यानं तक्रार कुणाकडं करणार?

हिरेबागेवाडीला विद्यापीठाचा नवा परिसर होणार, ही चर्चा आम्ही शिकत असताना सतत चालायची. पुढच्या पोरांना काळजी वाटायची, इथली झाडी तिथं कुठली मिळणार. मला त्याचं एवढं वाटलं नाही. हिरेबागेवाडीही त्याच हायवेवर आहे, शहराच्या पलीकडं, धारवाडच्या बाजूला. घरघरीची सोय झालेलीच आहे. झाडं पाच-सहा पावसाळ्यांत होतील. प्लग पॉइंट मावसभावासाठी ठेवा. नकाशे काढणाऱ्यांना कधी विचारता आलं तर मी एवढंच म्हणेन, मागच्या पायऱ्या रुंद करा. एक जण पुस्तक मांडून बसला तरी दुसऱ्याला "सरक गं जरा" न म्हणता वर जाता यावं.