पंधरा वाव खाली

आमच्या घरात मासे दोन प्रकारचे. एक रविवारी बेळगावच्या कॅम्पातल्या मार्केटातून येतो तो, आणि दुसरा मी मार्कंडेय नदीतून आणतो तो. दुसऱ्याला आई मासा म्हणतच नाही. “आणलास काटे? ठेव तिकडं,” एवढंच.

कंग्राळीच्या बाजूला नदीवर मी शाळेत असल्यापासून गळ टाकतोय. कणकेची गोळी, जोंधळ्याच्या ताटाचं बोंड, आणि बोंड बुडालं की हिसका. एवढी विद्या पुरते. म्हणून समुद्रातही हेच चालेल, फक्त दोरी जाड घ्यायची, अशी माझी समजूत होती. ती समजूत किती महागात पडली ते सांगतो.

पहिला प्रयत्न दोन वर्षांपूर्वी गोव्यात केला. “डीप सी फिशिंग” म्हणून फोनवर आगाऊ पैसे घेतले आणि गेल्यावर डॉल्फिन दाखवायच्या बोटीत बसवलं. पंचवीस माणसं, स्पीकरवर गाणी, आणि किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर चाळीस मिनिटं हातात दोरी. दाजींना एक बोटाएवढा मासा लागला, त्याच्याबरोबर सगळ्यांनी सेल्फी काढले. तो विषय इथंच सोडतो.

मग दाजींच्याच ओळखीतून कारवारच्या एका तरुण पोराचा नंबर मिळाला. मामाच्या बोटीवर तो गाईड म्हणून लोकांना गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, नेतो. मी उत्साहात जूनमध्ये फोन लावला. तो हसलाच. “दादा, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी. एकसष्ट दिवस बोट बंदरातच. आणि त्या पावसात तुम्ही बोटीत उभे पण राहणार नाही.” सुरमई ओढायची असेल तर नारळी पुनवेनंतर बघू, पण खडपातली, म्हणजे समुद्राखालच्या खडकातली, तांबोशी आणि गोबरो पाहिजे असेल तर डिसेंबरात या, म्हणाला. गोबरो म्हणजे मालवणकडचा हेकरू, इंग्रजीतला ग्रुपर. तांबोशी म्हणजे रेड स्नॅपर.

डिसेंबर आला तेव्हा आम्ही चौघांनी रविवार मागितला. त्यानं गुरुवार दिला. आम्ही कॅलेंडर बघत होतो, तो तिथी बघत होता. अमावास्या-पुनवेला उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त. शिसं तळाला टेकतच नाही, दोरी तिरकी होऊन बोटीमागं वाहत जाते. अष्टमीच्या पुढं-मागं भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी आणि पाणी मंद. तळाचा मासा गरवायचा तर भांगच पाहिजे. मला पटलं, पण साहेबांना ‘अष्टमी आहे म्हणून सुट्टी द्या’ असं कसं सांगणार? पोट बिघडल्याचं सांगितलं. (ते पुढं खरं झालं.)

तयारीत माझा एकच हट्ट होता: शिशाची वजनं मी स्वतः ओतणार. उद्यमबागेत फौंड्रीत साच्यावर काम करतो, बाजारातून वजनं कशाला विकत घ्यायची? चाकांच्या बॅलन्सिंगचं जुनं शिसं गॅरेजवाल्याकडून आणलं, मागच्या मोकळ्या अंगणात वितळवलं. लोखंड चौदाशे अंशाच्या आसपास ओतणाऱ्याला ३२७ अंशाला वितळणारं शिसं म्हणजे चहाचं आधण. वाळूच्या साच्यात बारा वजनं काढली, एकेक तीनशे ग्रॅमचं, गोल गरगरीत, कानस मारून गुळगुळीत केलेलं. पिशवीत घालून एखाद्या सोनारासारखा मी ती कारवारला घेऊन गेलो.

खानापूर, रामनगर, जोयडा, अणशीचा घाट, कद्रा करत संध्याकाळी कारवारला पोचलो. बोट चालवणाऱ्या, म्हणजे तांडेल, मामांसाठी कुंदा नेला होता. त्यांनी डबा उघडून वास घेतला आणि बायकोकडं दिला. मग माझी पिशवी उघडली. एक वजन तळहातावर घेतलं, हात जरा तिरका केला. वजन घरंगळून खाली पडलं.

“हे खडपात असंच जाणार,” मामा म्हणाले. बाकी काही बोलले नाहीत.

पहाटे साडेचारला बैतखोल बंदर. बर्फाचा चुरा, माणकी (स्क्विड), ताजे तारले (सार्डिन), सगळं त्या पोरानं आधीच भरून ठेवलेलं. आधार कार्डांच्या झेरॉक्स दिल्या, नावं लिहून झाली, लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय मामांनी इंजिन सुरू केलं नाही. नौदलाच्या तळाची बाजू आहे, तिकडं मोबाईल काढायचा नाही, हेही बजावलं. बंदराबाहेर पडलो तेव्हा पाठीवर मतलई वारा होता, जमिनीवरून येणारा, गार. समुद्र आमच्या किल्ल्याच्या तलावासारखा सपाट. दाजी म्हणाले, “उगाच घाबरवतात की लोक.”

देवगड बेटाचा दीपगृह मागं पडला. सह्याद्रीच्या मागून उजाडलं तेव्हा दीड-एक तास झाला होता. पोराच्या हातात जीपीएस होता, पण मामा त्याच्याकडं बघत नव्हते. ते मागं वळून दीपगृह आणि त्याच्या मागचा एक डोंगरमाथा एका रेषेत येतोय का ते बघत होते. दुसरी खूण आणखी उजवीकडची. दोन रेषा जिथं छेदतात तिथं खडप. मामांनी हात वर केला आणि पोरानं मान डोलावली, कारण जीपीएसही तेच सांगत होता. वाऱ्याच्या अंगाला थोडं पुढं जाऊन नांगर टाकला, म्हणजे बोट मागं सरकून बरोबर खडपाच्या कडेवर येते. थेट डोक्यावर नांगर टाकला तर तो खडपात अडकतो आणि मासाही बिचकतो. पाणी पंधरा वाव, म्हणजे सत्तावीस मीटरच्या आसपास.

आणि बोट थांबली तसं माझं पोट सुरू झालं. चालती बोट लाटा कापत जाते, नांगरलेली बोट डुलत राहते. रात्री गोळी घ्यायची आणि निघायच्या तासभर आधी दुसरी, असं सांगितलेलं असताना मी ती बोटीत चढताना घेतली होती. वर पोह्यांची भरगच्च प्लेट. ते पोहे कारवारच्या समुद्राला अर्पण झाले. पोरानं मला मधल्या फळीवर बसवलं, आल्याचा तुकडा तोंडात दिला आणि म्हणाला, “खाली गळाकडं बघू नका, डोंगराकडं बघा. काम बोटाला करू दे.”

हे वाक्य त्यानं उलटी थांबवायला सांगितलं होतं, पण गरवणं पण तेच निघालं. इथं बोंड नाही. पंधरा वाव खाली काय चाललंय ते फक्त दोरीवर ठेवलेल्या तर्जनीला कळतं. शिसं तळाला लागलं की ‘ठक्’ होतं, दोरी ढिली पडते. लगेच दोन-तीन हात वर घ्यायचं. तिथंच थांबायचं. खाली राहिलं तर खडपात अडकतं, फार वर घेतलं तर गोबऱ्याच्या घरापासून लांब.

दोरीची रचना अशी: वर बारीक विणलेली दोरी, तिला ब्रेड म्हणतात, खाली जाड तंगूस, म्हणजे नायलॉनची एकेरी दोरी, त्याला एक हातभर अंतरानं दोन छोट्या फांद्यांवर गळ, आणि सगळ्यात खाली शिसं. शिसं मात्र मुख्य तंगुसापेक्षा कमकुवत दोऱ्यानं बांधायचं. अडकलं तर तेवढंच तुटतं, गळ आणि मासा वर येतात. मी माझी वजनं चांगल्या जाड तंगुसानं बांधली होती. पहिल्या अर्ध्या तासात चार गेली, गळांसकट. गोल असल्यानं तळाला लागली की घरंगळून कपारीत जात. मामा आपली चपटी, लांबट वजनं वापरत होते आणि माझ्याकडं मुद्दाम बघत नव्हते.

आमिष म्हणून माणकीची पट्टी लावायची, कारण तिची कातडी चिवट असते, लहान माशांनी टोचलं तरी गळावर टिकते. सुरुवातीला ते लहानच आले. राणे, गुलाबी, मोठ्या डोळ्यांचे. दाजींना दोन एकदम लागले. मला काही नाही. खाली टकटक होत होती, मी नदीसारखा हिसका मारत होतो आणि रिकामा गळ वर येत होता.

“दादा, हिसका मारू नका,” पोरगं म्हणालं. त्यानं गळ माझ्या हातात दिला. त्याचं टोक सरळ वर नव्हतं, आत दांडीकडं वळलेलं होतं. मासा आमिष गिळून वळला की हा गळ सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. हिसका दिला की तोंडातून नुसता निघून येतो. दोरी जड होऊ द्यायची आणि मग न थांबता रीळ फिरवायचं. तीस वर्षांची सवय! मनगट ऐकत नाही. शेवटी मी डावा हात उजव्या मनगटावर दाबून बसलो.

मग ते झालं. टकटक नाही, काही नाही, एकदम कुणीतरी दोरीला पोतं बांधल्यासारखं. मी रीळ फिरवायच्या ऐवजी आनंदानं “लागला!” म्हणून ओरडलो. मामा मागून ओरडले, “वोड! वोड!” तेवढ्या दोन सेकंदांत दोरी खाली गेली आणि थांबली. दगडासारखी. गोबऱ्याचं हेच असतं. लागल्या लागल्या तो आपल्या बिळात शिरतो, कल्ले फुगवून, काटे उभे करून बसतो. मग माणसानं ओढलं तर दोरी तुटते.

मी ओढणार इतक्यात पोरानं दोरी धरली. “रांव. ढिली सोडा.” सगळा ताण काढला. दोरी पाण्यात सैल लोंबत राहिली. मिनिट, दोन मिनिटं. मासा गेला असंच वाटलं. माझं बोट दोरीवरच होतं आणि अचानक तिथं एक हलकी सरक जाणवली, जशी भिंतीआडून कुणी चाललेली समजते. ताण गेला म्हणून तो बाहेर निघाला होता. “आता!” या वेळी मी ओरडलो नाही. पहिले चार-पाच हात जीव खाऊन फिरवले, ब्रेड तर्जनीत घुसली तरी फिरवलं. तेवढे चार हात जिंकले की बाकीचे चौदा वाव नुसती मजुरी असते.

वर आला तो तपकिरी, ठिपक्यांचा, जबडा माझ्या मुठीपेक्षा मोठा. मामांनी काट्यावर लावला, साडेतीन किलो. त्याच्या तोंडातून एक गुलाबी फुगा बाहेर आलेला. मला वाटलं जीभ. ते जठर होतं. खोलवरून भर्रकन वर आणल्यावर पोटातली हवेची पिशवी फुगते आणि जठराला तोंडातून बाहेर ढकलते.

त्याच्यानंतर दाजींना एक लहान गोबरो लागला, अर्धा किलोचा. पोरगं म्हणालं, सोडायचा. दाजी नाराज. तेव्हा त्यानं सांगितलं की गोबरो आधी मादी असतात, मोठे झाल्यावर त्यातले काही नर होतात, लहानपणीच सगळे उचलले तर नर येणार कुठून? दाजींनी मान्य केलं, पण मासा नुसता पाण्यात सोडला तर पोट वर करून तरंगायला लागला. फुगलेला, खाली जाता येईना. मग पोरानं माझ्या उरलेल्या वजनांपैकी एक घेतलं, टोकामागचा उलटा काटा नसलेला एक मोठा गळ उलटा बांधला, तो माशाच्या ओठात अडकवला आणि वजनासकट मासा खाली सोडला. तळाला लागल्यावर एक झटका. गळ रिकामा वर आला. माझ्या बारा वजनांनी दिवसभरात केलेलं हे एकमेव धड काम.

तांबोशी मामांना मिळाली, दोन किलोची, दुपारी साडेअकराच्या सुमाराला. तिला हात लावू नका म्हणाले. पुढचे सुळे बघितल्यावर लावावासाही वाटला नाही. बारानंतर पश्चिमेचा खारा वारा उठला, बोट आपटायला लागली, आणि दाजींनी “उगाच घाबरवतात” हे वाक्य पुन्हा काढलं नाही. परतलो.

मासे बर्फावर नुसते ठेवायचे नाहीत, बर्फाच्या चुऱ्यात समुद्राचं पाणी ओतून त्या लगद्यात बुडवायचे, आतडी आधीच काढून. थर्मोकोलच्या पेटीवर चिकटपट्टी मारली आणि घाट चढलो. रात्री बेळगावला पेटी उघडली तेव्हा गोबऱ्याचे डोळे अजून काचेसारखे होते. आईनं तो बघितला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “याला पातेलं कुठलं?” मुंडकं शेजारच्या काकूंच्या मोठ्या टोपात शिजलं. आमटीला मामींनी दिलेली तिरफळं मी पुढं केली, आईनं ती बाजूला सारून आपला कांदा-लसूण मसालाच घातला.

शुक्रवारी कामावर गेलो तर हजेरीच्या मशीननं बोट घेतलं नाही. तर्जनीवर ब्रेडनं आडवी चीर पडलेली. चार वेळा दाबलं, चार वेळा लाल दिवा. सुपरवायझरनं बोट बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

“पोट बिघडलं होतं ना?”

मी डब्यातला तळलेला तुकडा पुढं केला. त्यानं उभ्या उभ्या खाल्ला आणि रजिस्टरवर हातानं सही घेतली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत उरलेली वजनं वितळवली. आता चपटी काढतोय.