एकच गॅमा दोनदा मोजला जातो तेव्हा

मांडवीच्या मुखाकडच्या गाळाचे वय शिसे-२१० वरून काढताना गॅमा मोजणाऱ्या डिटेक्टरचे संगणकी सिम्युलेशन हाताशी लागते, कारण शिशाचा ४६.५ केईव्हीचा (केईव्ही हे ऊर्जेचे एकक) गॅमा किरण बराचसा गाळातच शोषला जातो. भूमिती सगळेजण जपून मांडतात. चुका होतात त्या सिम्युलेशनला पुरवलेल्या आकड्यांच्या तक्त्यात.

ठळक उदाहरण सीझियम-१३७ चे. संदर्भकोशात त्याच्यासमोर ६६१.७ केईव्ही, तीव्रता (दर शंभर ऱ्हासांमागे सुटणारे गॅमा) ८५.१ टक्के असे छापलेले असते. पण हा गॅमा सीझियमचा नाहीच. सीझियमच्या सुमारे ९४.४ टक्के ऱ्हासांतून बेरियम-१३७एम (‘एम’ म्हणजे आयसोमर, केंद्रकाची काही काळ टिकणारी उत्तेजित अवस्था) तयार होतो आणि २.५५ मिनिटांच्या अर्धायुष्याचा हा बेरियम दर शंभर ऱ्हासांत साधारण ९० वेळा तो गॅमा सोडतो. ०.९४४ गुणिले ०.९० म्हणजे ०.८५. आता ८५.१ हा आकडा बेरियमच्या ओळीत टाकून ऱ्हासांची साखळी चालवली, तर शाखेचा गुणाकार दुसऱ्यांदा होतो. उत्तर ८०.३ येते आणि त्यावरून काढलेली सक्रियता (दर सेकंदाचे ऱ्हास) सहा टक्क्यांनी फुगते. आकडा दोन्ही ओळींत ठेवला तर सिम्युलेशनच्या आलेखातले शिखर जवळजवळ दुप्पट! ही दुसरी चूक बरी म्हणायची, निदान डोळ्यात भरते.

थोरियम साखळीत फरक आणखी मोठा. बिस्मथ-२१२ ची ३५.९४ टक्के शाखाच थॅलियम-२०८ कडे जाते. म्हणून ५८३ केईव्हीची तीव्रता थॅलियमच्या ऱ्हासामागे ८५ टक्के, तर साखळीच्या समतोलात साधारण ३०.५. दोन्ही आकडे खरे. म्हणून गॅमाच्या तक्त्यात ‘कोणाच्या ऱ्हासामागे’ हा रकाना सक्तीचा ठेवा. शाखांचा तक्ता वेगळा: पालक, ऱ्हासाचा प्रकार, अपत्य, अंश, अनिश्चितता. एका पालकाच्या अंशांची बेरीज १ येते का, हे फाईल वाचतानाच तपासा.

ओळखक्रमांक अणुक्रमांक × १०००० + वस्तुमानांक × १० + आयसोमर असा बांधा. सीझियम-१३७ म्हणजे ५५१३७०, बेरियम-१३७एम म्हणजे ५६१३७१. बाहेरून आलेले क्रमांक मात्र आंधळेपणाने बदलू नका. एमसीएनपी या सिम्युलेशन प्रोग्रामच्या पद्धतीत ९५२४२ म्हणजे अमेरिशियम-२४२ ची आयसोमर अवस्था (अर्धायुष्य १४१ वर्षे), मूळ अवस्था नव्हे; मूळ अवस्थेचे अर्धायुष्य १६ तासांचे.

अर्धायुष्य सेकंदांत साठवा, पण मूळ आकडा आणि एककही शेजारी राहू द्या. वर्ष ३६५.२५ दिवसांचे की ३६५.२४२२, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

अणुकेंद्रीय अभिक्रियांच्या ईएनडीएफ-६ या प्रमाणित साच्याच्या फाईलमध्ये संख्या ११ अक्षरांच्या खणात बसतात आणि घातांकाचा ‘ई’ बहुधा गाळलेला असतो: १.२३४५६७+५. फाईल वाचणारा साधा पार्सर इथेच अडखळतो. त्याहून घातक म्हणजे इंटरपोलेशनचा (दोन बिंदूंमधली किंमत काढण्याचा) नियम टाकून देणे. क्रॉस सेक्शन (अभिक्रिया घडण्याच्या शक्यतेचे माप) ऊर्जेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असेल, १ ईव्हीला तो १ धरला आणि ०.०१ व १ ईव्ही एवढेच बिंदू असतील, तर ०.१ ईव्हीला लॉग-लॉगने (दोन्ही अक्ष लॉगरिदमचे धरून) ३.१६ येतात, सरळ रेषेने ९.१८. नियमाचा अंक प्रत्येक पट्ट्यासोबत जपा.

नमुन्याच्या डबीतून होणारी रेडॉन-२२२ वायूची गळती मात्र यातल्या कुठल्याच तक्त्यात घालू नका. ती न्यूक्लाइडची (अणुप्रकाराची) नव्हे, डबीची गोष्ट. डबी सीलबंद करून २१ दिवस ठेवली की रेडॉन समतोलाच्या ९८ टक्क्यांपर्यंत पोचतो. सील केल्याची तारीख नमुन्याच्या नोंदीत हवी.